कोणती पेटी चालू

२ मार्च

मॅडम म्हणाल्या, पेशींच्या वहीत फक्त वेळ आणि आकडे लिहायचे, मनातलं लिहायचं असेल तर दुसरी वही कर. त्या चेष्टेनेच म्हणाल्या असणार. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून वही घेऊनच आले. ही ती.

आज प्रयोगशाळेतल्या नोकरीचा पहिला दिवस. कितवी नोकरी ते मोजणं सोडून दिलंय. मॅडमनी विचारलं तेव्हा आठवतील तेवढ्या सांगितल्या. बेकरी, छापखाना, बोटीवरचं स्वयंपाकघर, एका आजोबांना रोज पेपर वाचून दाखवणं, सर्कशीत तिकिटं फाडणं. "आणि शिक्षण?" म्हटलं, "दोनदा सुरू केलंय." त्या हसल्या. मग एक नळी हातात देऊन म्हणाल्या, या ताटलीत शहाण्णव खळगे आहेत, प्रत्येकात पाण्याचा एकेक थेंब टाक, बाहेर सांडायचा नाही. एकही सांडला नाही. "पायांचं माहीत नाही, पण हात स्थिर आहेत," असं त्या काकांना म्हणाल्या आणि मला ठेवून घेतलं.

काका म्हणजे इथले कॉइलवाले काका. सबस्टेशनात दादाबरोबर होते, निवृत्त झाल्यावर इथे येऊन तांब्याच्या तारा गुंडाळतात. त्यांनीच माझ्यासाठी शब्द टाकला. राहायला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली, कारण पेशींना सुट्टी नसते, रविवारीही खायला घालावं लागतं.

"घरी कोण कोण?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, दादा आणि वहिनी. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत तार गुंडाळायला लागले.

पिटूचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला घेतलं नसतं असं वाटलं. आणि ही नोकरी मला हवी होती. नोकरी हवी असणं म्हणजे काय ते पहिल्यांदाच कळलं, फार काही सुखाचं नसतं.

४ मार्च

प्रयोग असा आहे. कपाटाएवढ्या दोन पेट्या, खोलीच्या दोन टोकांना. डावी आणि उजवी. आत अंगाएवढी ऊब. दोन्हीत काकांनी केलेली कॉइल आणि कॉइलच्या मधोमध पेशींच्या बशा. वीज दोन्ही कॉइलमधून जाते. पण एकीत ती अशी जाते की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि दुसरीत तारा अशा उलटसुलट जोडलेल्या की अर्ध्या तारांचं क्षेत्र उरलेल्या अर्ध्या पुसून टाकतात. काका म्हणाले, "नवरा-बायको एकाच वेळी बोलले की शेजाऱ्याला काही कळत नाही ना, तसं." म्हणजे ऊब दोन्हीकडे सारखी, क्षेत्र मात्र एकाच पेटीत.

कोणत्या, ते दर बुधवारी काका नाणं उडवून ठरवतात. कुलूपबंद डब्यातला खटका फिरवतात, चिठ्ठीवर डावी किंवा उजवी लिहितात आणि चिठ्ठी पाकिटात बंद करतात. पाकीट मॅडमच्या खणात. दहा आठवडे, दहा पाकिटं, शेवटी एकदमच उघडायची. तोवर कोणती पेटी चालू ते मॅडमना माहीत नाही, मलाही नाही.

मी विचारलं, "मला माहीत असलं तर काय बिघडेल? मी काय पेशींना जाऊन सांगणार आहे?"

"तू नाही सांगणार. तुझे हात सांगतील."

हे जरा नाटकीच वाटलं.

६ मार्च

बुधवारी पेटीत ठेवलेल्या बशा आज काढल्या. मला समजलं तेवढं लिहिते. पेशी श्वास घेते तेव्हा आत ठिणग्यांसारखं काहीतरी उडतं. ऑक्सिजनच, पण चिडलेला. हे रोजचंच असतं, आणि त्या विझवणारेही पेशीत कामाला असतात. ठिणग्या वाढल्या किंवा विझवणारे कमी पडले की आतलं सगळं हळूहळू करपायला लागतं. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मॅडमचा प्रश्न एवढाच की विजेच्या तारांभोवती असतं तसलं क्षेत्र लावलं तर ठिणग्या वाढतात का. त्या म्हणाल्या, काहींना वाढलेल्या दिसल्या, काहींना नाही दिसल्या, आणि दोघंही एकमेकांच्या प्रयोगाला नावं ठेवतात.

ठिणग्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून बशीत एक रंग घालायचा. आधी तो पाण्यासारखा असतो, ठिणगी लागली की हिरवा चमकतो. यंत्र ती चमक मोजून आकडा देतं. पडदे ओढून रंग घालायचा आणि मग अर्धा तास काळ्या डब्यात, अंधारात ठेवायचं. अंधारात, हे मॅडमनी तीनदा सांगितलं. का ते पण सांगत होत्या, पण तेवढ्यात खिडकीच्या गजावर एक कावळा चोचीत स्टीलचा चमचा घेऊन बसला, आणि चमचा खाली पडतो का ते बघण्यात माझं अर्धं लक्ष गेलं. पडला नाही.

आज दोन्ही पेट्यांचे आकडे जवळजवळ सारखे.

८ मार्च

रविवार. दादाकडे गेले. सबस्टेशनच्या भिंतीला लागूनच त्याचं क्वार्टर. भिंतीपलीकडे ट्रान्सफॉर्मर, त्यांची गुणगुण चालूच असते, थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते. पिटूला आईच्या कुशीत ती ऐकूनच झोप लागायची म्हणे.

पिटू, दादाची मुलगी, पाच वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर. निदान झालं तेव्हा मी बोटीवर होते, एकदा येऊन गेले, तिला टोपी आणली होती. ती गेली तेव्हा सर्कशीबरोबर होते. निरोप पोचायला नऊ दिवस लागले. मी आले तेव्हा घरात सगळं आवरून झालं होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी वहिनी तिच्या बहिणीकडे राहायला गेली, ती गेलीच.

दादाने चहा केला. साखर घालायची विसरला, मी सांगितलं नाही.

"कसल्या पेट्या म्हणालीस?"

मी सांगितलं. तो कंट्रोल रूममध्ये काम करतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणाला, "आमच्या या भिंतीपाशी मीटर लावून मोजून गेले होते. मर्यादेच्या आत आहे म्हणाले."

"मर्यादा कोणी ठरवली?"

"कोणीतरी ठरवली असेलच ना, भिंगरी." मग कप खाली ठेवला. "पलंग मी सरकवला होता. आधी दाराजवळ होता. तिला खिडकीतून यार्डातले दिवे बघायचे असायचे, म्हणून भिंतीशी लावला. तुझी वहिनी नको म्हणत होती."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, चहा छान झालाय.

१० मार्च

वहिनी बसस्टॉपवर भेटली. बारीक झालीय. माझ्या नोकरीचं तिला काकांच्या बायकोकडून कळलं होतं. "तुम्ही तेच शोधताय ना?"

"हो."

"मग मला एवढंच सांग. त्या तारांनी केलं का? नक्की कळल्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकू शकत नाही."

किती राग आहे अजून. तिला "हो" ऐकायचंय हे चेहऱ्यावर दिसत होतं. मग मधेच म्हणाली, "ते जेवतात का वेळेवर? त्यांचा निळा स्वेटर माझ्याकडेच राहिलाय, तो नेऊन देशील? नको, राहू दे. मीच देईन कधीतरी."

तिची बस आली तरी ती चढली नाही, दुसरी आली तेव्हा गेली.

११ मार्च

आज एक शोध लागला. मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याचा एक जुना मॉनिटर आहे, मागे मोठी ढेरी असलेला. तो ट्रॉलीवरून ढकलत होते. खरं म्हणजे ढकलायचं काही कारण नव्हतं, ट्रॉलीचं कुठलं चाक कुरकुरतंय ते शोधत होते. उजव्या पेटीजवळून गेले तर पडद्यावरचं चित्र थरथरायला लागलं. मागे घेतली, थांबलं. डाव्या पेटीपाशी नेली, काही नाही. परत उजवीपाशी, परत थरथर. सहा वेळा करून बघितलं.

म्हणजे आज उजवी चालू.

मॅडमना सांगायला निघाले. जिन्यापर्यंत गेले. मग मनात आलं, सांगितलं तर त्या मॉनिटर काढून टाकतील. आणि वहिनीला दहा आठवडे थांबावं लागेल. मी कोणाला सांगणार नसेन तर माझ्या माहीत असण्याने कोणाचं काय जातं?

कुरकुरणारं चाक मागचं डावं.

१३ मार्च

डाव्या बशा आधी काढल्या. पडदे ओढलेले होते, पटापट रंग घातला आणि काळ्या डब्यात ठेवल्या. उजव्यांच्या बाबतीत मात्र घाई करवेना. दोन दिवस क्षेत्रात बसून आल्यात बिचाऱ्या. टेबलावरचा दिवा लावला, नीट बघून एकेक थेंब टाकला, थोडा वेळ त्यांच्यापाशी बसले. काही बोलले पण. काय ते लिहीत नाही, हसू येईल. कोणीतरी सोबत असावं असं वाटलं, एवढंच.

उजवीचा आकडा जास्त आला. थोडाथोडका नाही.

२७ मार्च

तीन आठवडे झाले. मधे एकदा डावी चालू होती, तर डावीचा जास्त. मी दर बुधवारी ट्रॉली फिरवून बघते, शुक्रवारी आकडा येतो, आणि तो बरोबर त्याच पेटीचा वाढलेला असतो. मॅडम नुसतं वहीत उतरवतात, चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. त्यांना कुठे माहीत आहे. मला माहीत आहे. या इमारतीत हे माहीत असलेली मी एकटी, शाळा धड न केलेली.

काकांना सहज विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं तारांखाली काढलीत, तुम्हाला काही झालं का?"

"केस गेले."

"तारांमुळे?"

"तुझ्या काकूच्या मते माझ्या स्वभावामुळे."

मग तेच म्हणाले, "तुझ्या दादाला या प्रयोगाचं फार सांगत बसू नकोस. तो ऐकून घेतो आणि मनात ठेवतो." मी हो म्हटलं.

५ एप्रिल

पाच फेऱ्या झाल्या. पहिली सोडली तर चारही वेळा तेच. आज सांगून टाकलं.

वहिनीला निरोप दिला होता की मला सांगण्यासारखं काहीतरी कळलंय. तिने कळवलं की रविवारी क्वार्टरवरच भेटू. वर्षभरात पहिल्यांदा ती तिथे आली. मोठी बॅग होती, चांगली जड, बहिणीचं काही सामान कुठे पोचवायचं असेल. आल्याबरोबर ओटा पुसला, डबे उघडून काय आहे काय नाही ते बघितलं. दादा दारातच उभा. "स्वेटर आणलाय," ती म्हणाली. तो म्हणाला, "बरं झालं." मला वाटलं भांडण होईल, पण दोघंही अगदी पाहुण्यासारखे वागत होते.

मग मी सांगितलं. पेट्या, रंग, आकडे. कोणती चालू ते मला कळतं आणि दर वेळी चालू पेटीतल्याच पेशी जास्त चमकतात.

"नक्की?" वहिनीने विचारलं.

"आकडे आहेत."

"म्हणजे तारांनी होतं."

"पेशींना होतं. हो."

वहिनी खाली बसली. दादा खिडकीकडे गेला आणि म्हणाला, "पलंग मी सरकवला होता." वहिनीने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग उठली, स्वतःचा कप धुतला, पालथा घातला. बॅग उचलली. मी म्हटलं, जेवून जा. म्हणाली, "नको गं."

दादाने बॅग उचलायला हात पुढे केला. तिने दिली नाही.

निदान आता तिला एक उत्तर मिळालं. अंधारात चाचपडत राहण्यापेक्षा बरं. मला वाटतं, खरं काय ते कळलं की माणसं हळूहळू सावरतात.

१९ एप्रिल

उलटंच झालं. दादाने वहिनीला चिठ्ठी लिहिली की तुझं बरोबर होतं, मी तुला अडकवून ठेवणार नाही, वकिलाचे कागद येतील त्यावर सही कर. मला आज सांगितलं, कपडे वाळत घालता घालता, दूध आणायचं राहिलं म्हणून सांगावं तसं.

"तिला विचारलंस तरी का?"

"विचारायचं काय? तिने त्या दिवशी माझ्या हातात बॅगसुद्धा दिली नाही."

"मी जाऊन बोलू का तिच्याशी?"

"तू खूप केलंस, भिंगरी." हे तो चिडून म्हणाला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "त्यांना मोकळं व्हायचं असेल तर होऊ दे." राग नव्हता आवाजात. मला काहीच कळत नाहीये.

८ मे

दहावी फेरी संपली. मधल्या आठवड्यांत लिहिण्यासारखं काही नव्हतं. आकडे तेच.

११ मे

मॅडमनी पाकिटं उघडली. काका, मी आणि त्या. एकेक चिठ्ठी आकड्यांशेजारी ठेवत गेल्या. पहिला आठवडा सोडून नऊच्या नऊ. काकांनी शीळ घातली. मॅडमना आनंद होईल असं वाटलं होतं. झाला, पण एखादंच मिनिट. मग त्या कागद जवळ घेऊन बघत राहिल्या.

"नऊ वेळा, एकदाही इकडे-तिकडे नाही. जिवंत गोष्ट इतकी वक्तशीर नसते."

"चांगलंच आहे की मग," मी म्हटलं.

"पहिल्या आठवड्यात काय वेगळं होतं?"

काका म्हणाले, खटका तोच, कॉइल त्याच. मी म्हटलं, आठवत नाही. माझे कान गरम झाले. पहिल्या आठवड्यात काय वेगळं होतं ते मला माहीत होतं. त्याने काय फरक पडणार, एवढंच कळत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, आणखी एक फेरी करू. या वेळी मी तुझ्या मागे उभी राहीन.

१५ मे

बुधवारी परत ट्रॉली फिरवली. का, ते मलाही सांगता येत नाही. डावी होती.

आज मॅडम मागे उभ्या होत्या. उजव्या बशा झाल्या, डब्यात गेल्या. डाव्या काढल्या आणि माझा हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे गेला. लावला. पहिला थेंब टाकला.

"दिवा का लावलास?"

"नीट दिसावं म्हणून."

"मघाशी उजव्यांना नाही लावलास."

मी नळी खाली ठेवली.

"तो रंग उजेडानेही चमकतो," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पेशी असो नसो. नुसत्या पाण्यात घालून दिव्याखाली ठेवला तरी. म्हणून अंधार. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी." मग म्हणाल्या, "आणि डाव्यांनाच का?"

सगळं सांगितलं. मॉनिटर, ट्रॉली, दिवा. पिटू. दादा-वहिनीला काय सांगून बसले ते. मॅडम स्टुलावर बसल्या. एवढ्या महिन्यांचं काम गेलं, त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. विचारलं ते हे, "तुझ्या भावाच्या भिंतीपाशी किती होतं क्षेत्र?" दादाने एकदा आकडा सांगितला होता, तो मी सांगितला. "आपण या पेटीत त्याच्या कित्येक पट लावतो. आणि या बशीतल्या पेशी आहेत, मूल नाही. दिवा न लावता हेच आकडे आले असते, तरी तुझ्या भाचीला कशाने झालं हे त्यातून कळलं नसतं. मला विचारायचं होतंस. मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

रडू यायला हवं होतं, आलं नाही.

वर येऊन बॅग भरली. मला सात मिनिटं लागतात, सवय आहे. जिन्यात काका भेटले.

"कुठे?"

"बघू."

"दादाला सांगून निघणार आहेस, की त्यालाही नऊ दिवसांनी कळवायचं?"

काका असं कधी बोलत नाहीत. बॅग वर नेऊन ठेवली. अजून रिकामी केलेली नाही.

१७ मे

दादाकडे गेले. दारातच सांगून टाकलं, बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, मी जे सांगितलं ते चूक होतं. क्षेत्राने नाही, माझ्या दिव्याने चमकत होत्या.

मला सगळं परत सांगायला लावलं त्याने. रंग कसा, उजेड किती वेळ. मधे दोन प्रश्न विचारले, अगदी कामाचे, जसे तो कंट्रोल रूममध्ये विचारत असेल. मग म्हणाला, "म्हणजे तारांनी काही होत नाही?"

"असंही म्हणता येत नाही. मॅडम म्हणतात अजून माहीत नाही. पण पिटूचं तर त्यातून काहीच कळत नाही."

"मग कशाने?"

"माहीत नाही, दादा."

"मग कशाने गं?"

त्याने हे मला विचारलंच नव्हतं बहुतेक. भिंतीला हात लावून उभा होता, जिथे पलंग होता तिथे. मला वाटलं होतं त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तो तर धरायला काही न उरल्यासारखा दिसायला लागला. मी भात टाकला. दोघं जेवलो. जाताना म्हणाला, "तिलाही सांग. फोनवर नको, समोर बसून सांग."

१९ मे

वहिनीच्या बहिणीच्या घरी, गॅलरीत. ती शिवणाचं काम घेते आता, मांडीवर कोणाचा तरी झगा होता. मी सांगत होते तोवर ती टाके उसवत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तेव्हा सांगितलंस ते चुकीचं, आणि आता सांगतेस तेही नक्की नाही."

"हो."

"त्यांना सांगितलंस?"

"परवा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मग कशाने."

तिचे हात थांबले. "हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. इतकी वर्षं एका घरात, दवाखान्यात शेजारी-शेजारी बसून, एकदाही नाही. मला वाटायचं त्यांना काहीतरी माहीत आहे आणि माझ्यापासून लपवतायत." मग म्हणाली, "मी पण नाही विचारलं म्हणा."

"वहिनी, परत जा ना. कागद थांबवता येतील. मी चूक केली, तुम्ही कशाला भोगताय?"

"तुझ्यामुळे नाही गं. त्या दिवशी तू 'हो' म्हणालीस तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं ना, तेव्हा माझ्या डोळ्यांत काय होतं ते त्यांनी बघितलंय. आता तू येऊन 'नाही' म्हणालीस तरी ते त्यांचं बघून झालंय. रोज समोरासमोर बसून जेवायचं कसं?" दोरा दाताने तोडला. "चहा घेतेस? साखर किती घेतेस ते विसरले बघ मी."

दोन चमचे, मी म्हटलं.

२२ मे

मॅडमनी या आठवड्याची फेरी स्वतः केली, पूर्ण अंधारात. मॉनिटर खालच्या गोदामात गेलाय. दोन्ही पेट्यांचे आकडे जवळजवळ सारखे. "एका फेरीने काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. बुधवारपासून नवीन दहा. मला काढलेलं नाही. पण बशांना हात लावायचा नाही, पेशींना खायला घालायचं आणि काचेची भांडी धुवायची. धुते आहे.

२९ मे

आज कागदांवर सह्या झाल्या. कचेरीच्या व्हरांड्यात लाकडी बाक होता, त्यावर मी बसले. आत पंधरा मिनिटंच लागली. एवढं मोडायला एवढाच वेळ लागतो, मला वाटलं होतं दिवस जाईल.

दोघं बाहेर आले तर दादाने निळा स्वेटर घातलेला, एवढ्या उकाड्यात. वहिनी म्हणाली, "काढा तो, घाम येतोय." त्याने काढला. घडी तिने घातली आणि परत त्याच्याच हातात दिली.

मग दादाने पिशवीतून एक जाड फाइल काढली. पिटूची. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावलेलं सगळं. घरातल्या वस्तूंची वाटणी त्यांनी आधीच केली होती, काही वाद झाला नव्हता. ही राहिली होती.

"तुझ्याकडे ठेव," तो वहिनीला म्हणाला.

"माझ्याकडे असली तर मी रोज उघडेन."

"माझ्याकडे असली तर मी कधीच उघडणार नाही."

दोघंही फाइलकडे बघत उभे. एक शिपाई मधून वाट काढत गेला. मग वहिनीने ती दादाच्या हातातून घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तुला वाचता येतं आता यातलं. तू ठेव."

मी म्हटलं, "माझ्याकडे? माझा काय भरवसा, मी कुठे असेन."

"म्हणूनच," दादा म्हणाला. "आता कुठे असशील ते कळवत जा."

ते दोघं फाटकापर्यंत बरोबर गेले. तिथून ती बसकडे, तो चालत.

फाइल घेऊन इथे आले. खोलीत कपाट नाही. बॅग पंधरा दिवस भरलेलीच होती, ती रिकामी केली, कपडे खिळ्यांना अडकवले आणि फाइल बॅगेत ठेवून बॅग पलंगाखाली सरकवली. मग वाटलं, फरशीला ओल असते, म्हणून काढून टेबलावर ठेवली. खाली जाऊन मॅडमना विचारलं, या खोलीत मी किती दिवस राहू शकते.

"का, निघायचंय?"

"नाही. एक कपाट हवं होतं. कुलूप असलेलं."

त्यांनी कशासाठी ते विचारलं. मी सांगितलं. काकांना हाक मारून त्या म्हणाल्या, गोदामातलं लोखंडी कपाट वर चढवायला किती माणसं लागतील बघा. चौघं लागतील, काका म्हणाले, आणि एकदा वर गेलं की परत खाली यायचं नाही ते.